कलिंगड दाब, गाजर बदल

आमच्या घरात दोन मुली आहेत, थोरली आणि धाकटी. धाकटी परगावी नोकरी करते आणि थोरली रात्रंदिवस खाली जिन्याशेजारी उभी असते. हे ऐकून नवीन माणसाचा चेहरा कसनुसा होतो, म्हणून आधीच सांगून टाकते, थोरली म्हणजे आमची मोटार. मुलीच्या आधी ती घरात आली, म्हणून थोरली. आमच्या ह्यांनी तिचे जेवढे लाड केले त्याच्या निम्मे धाकटीचे केले असते तर मुलगी बिघडली असती, असं मी म्हणते. थोरली कधी बिघडली नाही, असं हे म्हणतात.

ह्यांच्याखेरीज तिच्या चाकाला कुणी हात लावलेला नव्हता. हे पाणीपुरवठा खात्यात होते, गावाबाहेरचे पंप तपासायला तिच्यातूनच हिंडायचे. मी शाळेत भूगोल शिकवायचे. गाडीत माझं काम एवढंच, शेजारी बसायचं, पर्स मांडीवर धरायची, आणि समोरून ट्रक आला की नसलेला ब्रेक पायाने दाबायचा.

मग ह्यांना झटका आला.

दवाखान्याची कथा मी सांगणार नाही. तसल्या कथा आमच्या समोरच्या वहिनी सांगतात, आणि त्यांच्या कथेतला पेशंट कधीही घरी परत येत नाही. आमचे हे आले. उजवा हात आणि उजवा पाय रुसलेला, आणि बोलणं विस्कटलेलं. डॉक्टर म्हणाले, "शब्द गेलेले नाहीत, फक्त कप्पे बदललेत." म्हणजे हे एक काढायला जायचे आणि हाताला भलतंच लागायचं. चष्मा हवा असला की "चमचा" म्हणायचे. मी चमचा नेऊन दिला की माझ्याकडे असे बघायचे, जणू झटका मलाच आलाय.

"आत्ताचे महिने सोन्याचे आहेत," डॉक्टरांनी बजावलं. "व्यायाम केंद्रात नेत राहा. घरी बसवलंत तर हात तसाच राहील."

व्यायाम केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही टॅक्सीने जाऊ लागलो. अशा माणसाला टॅक्सीत बसवणं म्हणजे काय, ते ज्याने बसवलंय त्यालाच ठाऊक. आधी पाठ आत, मग डोकं वाकवायचं, मग डावा पाय आपणहून येतो आणि उजवा हाताने उचलून आणावा लागतो. तोवर मागच्या गाड्या हॉर्न वाजवून आपल्याला प्रोत्साहन देत असतात. एके दिवशी एक टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, आजोबांना घरूनच घडी घालून आणत जा ना."

ह्यांनी त्याला सुनावायला तोंड उघडलं. गळ्याची शीर फुगली, आणि सगळा जोर लावून आवाज निघाला, "टॉवेल!"

टॅक्सीवाला हसला. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चपला पुढे ठेवल्या तेव्हा म्हणाले, "नाही." सगळे शब्द कप्पे बदलून बसले होते, पण 'नाही' तेवढा जागच्या जागी शाबूत होता. मी विनवलं, रागावले, धाकटीने फोनवरून रडून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

मग दिवसभर हे गॅलरीत बसून खाली बघत राहायचे. खाली थोरली. तिच्यावर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'आंघोळ घाला.' हे तिच्याकडे बघायचे आणि मी ह्यांच्याकडे. असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी माझ्याच्याने राहवलं नाही.

"अहो, मी चालवते गाडी."

हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले. हसणं अर्ध्याच तोंडाचं होतं, पण अपमान पुरा झाला. मी तिथल्या तिथे ठरवलं, आता शिकायचंच.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण आमच्या तळमजल्यावर सल्लागार मंडळ राहतं. हे मंडळ म्हणजे एकच गृहस्थ आहेत, पण त्यांचे सल्ले ऐकले तर आत निदान सहा-सात माणसं असावीत असं वाटतं, कारण कुठलेही दोन सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, या वयात गाडी शिकू नका, रिफ्लेक्स गेलेले असतात." मी दोन पायऱ्या चढले तेवढ्यात, "आणि शिकायचीच तर लवकर शिका, अजून वय आहे." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "माझ्या एका नणंदेच्या जावेने शिकली हो गाडी." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. वहिनींची कथा म्हटल्यावर ती जाऊ आज हयात नसणार, हे उघडच होतं.

आधी शिकाऊ लायसन्स. लायसन्सच्या ऑफिसात पहिल्या खिडकीने मला तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं, तिसरीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन आले तर खिडकी जेवायला गेली होती. मग कॉम्प्युटरवरची परीक्षा. रस्त्यावरच्या खुणा दाखवतात आणि अर्थ विचारतात. एका प्रश्नात घाटाच्या वळणाचं चित्र होतं. असं वळण कुठल्याच डोंगराला नसतं. एवढ्या चढाला रस्ता असा कापला तर पहिल्या पावसात दरड खाली येईल. मी हे तिथल्या कारकुनाला समजावून सांगितलं, शेजारच्या कागदावर बरोबर वळण काढूनही दाखवलं.

तो म्हणाला, "आजी, इथे उत्तर निवडायचं असतं. सुधारायचं नसतं."

निवडलं. पास झाले. पण 'आजी' हा शब्द माझ्या मनात बरेच दिवस घोळत राहिला. शाळेत सगळे बाई म्हणायचे.

मोटार ट्रेनिंग स्कूलचे मास्तर घरी आले ते किरकोळ, शांत, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं स्वभावच सौम्य आहे. पुढे कळलं, की शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून डोळे मिटायची सवय लागली होती. "तुमच्याच गाडीवर शिका, हात बसेल," ते म्हणाले, आणि आम्ही खाली उतरलो.

जिन्याशी वळून बघते तो मागून हे येत होते. काठी डाव्या हातात, उजवा पाय ओढत, कठड्याला टेकत टेकत. केंद्रात जायला नाही म्हणणारा माणूस! मी धावले, तर मला काठीनेच बाजूला केलं आणि थोरलीचं मागचं दार दाखवलं. थोरली परक्याच्या हाती जायची आणि ह्यांनी वर बसून बघायचं, हे शक्यच नव्हतं. आधी पाठ आत, मग डोकं, मग डावा पाय, मग उजवा. हॉर्न कुणीच वाजवला नाही.

किल्ली फिरवली. थोरलीने घसा खाकरला आणि गप्प बसली. बॅटरी उतरलेली. मग अख्खी इमारत ढकलायला लागली. सल्लागार मंडळ खुर्ची टाकून बसलं आणि "पुढून ढकला, पुढून!" म्हणून ओरडू लागलं. मागून ढकलल्यावर ती सुरू झाली. तशी सुरू झाली की लगेच क्लच सोडून सावकाश पुढे न्यायची असते, असं मास्तर सांगत होते. मी लगेच सोडला. सावकाश मात्र राहून गेलं. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपाला आम्ही बरोबर घेतलं आणि फाटकापर्यंत सोडलं.

मागून आवाज आला, "ब्रश! ब्रश!"

"काय म्हणतायत साहेब?" मास्तरांनी डोळे उघडले.

"ब्रेक म्हणतायत," मी म्हटलं, आणि दाबला. पिंप एकटंच पुढे गेलं.

त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. मास्तर शेजारून हलक्या आवाजात सांगायचे आणि हे मागून गरजायचे, आणि ज्याच्या आवाजाला जन्मभर ओ दिली त्याच्याकडेच कान जाणार. हळूहळू मला ह्यांची भाषा यायला लागली. क्लच म्हणजे कलिंगड. गिअर म्हणजे गाजर. 'थांब' म्हणायचं असलं की "थर्मास!" आणि रिव्हर्स म्हणजे रविवार. "कलिंगड दाब! गाजर बदल! अगं थर्मास, थर्मास!" असं म्हणत आमची थोरली बाजारातून जाऊ लागली. उघड्या काचेतून ऐकणाऱ्यांना वाटायचं, घरी पाहुणे येणार असावेत आणि आजोबा सामान आठवून सांगतायत.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. ती लक्षात आली पेट्रोल पंपापाशी. तिथे रस्त्याला दोन फाटे होते, आणि हे ओरडले, "उजवीकडे! उजवीकडे!" मी वळले उजवीकडे. तो रस्ता नव्हताच. ते गाड्या आपोआप धुणाऱ्या यंत्राचं तोंड होतं. चाकं पट्ट्यात अडकली आणि यंत्राने आम्हाला आत ओढून घेतलं. रविवार करायलाही जागा नव्हती. मास्तर फक्त एवढंच म्हणू शकले, "काचा!"

काचा उघड्या होत्या. आधी पाणी आलं, मग साबण, मग दोन्ही बाजूंनी ते मोठे मोठे फिरते ब्रश. मास्तरांच्या बाजूचा ब्रश खिडकीतून आत डोकावून गेला. शेवटी गरम वारा सुटला. पलीकडच्या तोंडातून आम्ही बाहेर आलो तेव्हा थोरली नवरीसारखी चमकत होती, माझ्या चष्म्यावर फेस होता, आणि मास्तरांचे केस, जे आजवर चप्प बसलेले असायचे, ते सगळे उभे होते.

मागे बघायचं मला धैर्य होईना. माणूस आजारी, त्यात गार पाणी. मागून कसला तरी आवाज येत होता, घुसमटल्यासारखा. घाबरून वळले, तर हे हसत होते. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डाव्या हाताने मास्तरांच्या केसांकडे बोट दाखवत होते. शेवटी मीही हसायला लागले. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी आरसा आपल्याकडे वळवून घेतला आणि स्वतःकडे बराच वेळ पाहिलं.

मग उलगडा झाला. ह्यांना डावीकडे म्हणायचं होतं. डावं-उजवं या दोन शब्दांनीही आपापसांत घरं बदलली होती. "एवढंच ना?" मी म्हटलं. "तुम्ही बिनधास्त बोला, मी उलटं धरते." भूगोलाच्या माणसाला नकाशा उलटा धरून वाचता येतो.

आणि खरंच, काय सफाईने चालवायला लागले मी! हे उजवीकडे म्हणाले की मी डावीकडे, डावीकडे म्हणाले की उजवीकडे. मास्तरांनीही हार मानली आणि तेही आमच्याच भाषेत बोलायला लागले. पुढे कुणीतरी सांगितलं, की त्यांनी कॉलेजातल्या एका मुलीलाही शिकवताना "कलिंगड अर्धं सोड" म्हणून सांगितलं, आणि तिच्या वडिलांनी स्कूलमध्ये येऊन चौकशी केली.

परीक्षेच्या दिवशी अर्धी इमारत निरोप द्यायला खाली होती. ह्यांनी गॅलरीतून डावा हात वर केला. परीक्षेला गाडीत फक्त इन्स्पेक्टर आणि उमेदवार असतात, असा नियम आहे. साहेब शेजारी येऊन बसले. आयुष्यात कुणीही आपणहून त्यांना गाडीत घेतलं नसावं, असा चेहरा.

"चला. पुढे डावीकडे वळा."

मी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं, आणि मोठ्या डौलात उजवीकडे वळले.

साहेबांनी कागदावर एक खूण केली. थोड्या वेळाने म्हणाले, "आता उजवीकडे."

तेवढ्याच डौलात मी डावीकडे वळले.

"बाई, तुम्हाला डावं-उजवं कळतं ना?"

"कळतं की. पण तुमचं कुठलं?"

"माझं?" साहेबांनी माझ्याकडे पूर्ण वळून पाहिलं. "डावं-उजवं प्रत्येकाचं वेगळं असतं?"

मला खुलासा करायचा होता. पण नवऱ्याचा आजार परक्या माणसापुढे मांडून मार्क मागायचे, हे मनाला पटेना. 

"असू दे. गाडी मागे घ्या," ते म्हणाले.

"रविवार ना?" तोंडातून निसटलंच.

"आज मंगळवार आहे," साहेब म्हणाले. "पण पुन्हा परीक्षेला तुम्ही कुठल्याही वारी या."

नापास! ज्या बाईने शेकडो मुलांच्या पेपरावर लाल रेघा मारल्या, ती नापास! फाटकात सल्लागार मंडळ उभं होतंच. माझा चेहरा बघून म्हणालं, "मी म्हटलंच होतं." आता त्यांनी सगळंच म्हटलेलं असल्यामुळे ते खोटं ठरणं अवघड असतं.

वर जाऊन ह्यांना काय सांगायचं? तुमच्या शब्दांमुळे गेले, असं कसं सांगणार? मी म्हटलं, "मधेच बंद पडली हो गाडी."

"नाही," हे म्हणाले. थोरलीवर आळ? ती बंद पडत नाही! "नाही, नाही, नाही!" मला तीन वेळा सुनावलं, आणि संशयाने माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मास्तर सांत्वनाला आले आणि चहाचा पहिलाच घोट घेऊन म्हणाले, "बाई, तुमची काही चूक नाही. त्या इन्स्पेक्टरला काय माहीत आपलं डावं म्हणजे उजवं!" मी डोळ्यांनी खूप खुणा केल्या. पण मास्तरांचे डोळे अर्धे मिटलेले.

ह्यांच्या हातातली बशी खाली ठेवली गेली. उठले, काठी घेतली, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठले नाहीत. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा खाली उतरले नाहीत. मी हाका मारल्या. "अहो, माझंच चुकलं, मीच गोंधळले." काही नाही. यावेळी तर 'नाही' सुद्धा नाही. जन्मभर मी पोरांना दिशा शिकवल्या, पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला वळवायचं कसं, ते काही मला येत नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. दवाखान्यातही वाटली नव्हती तेवढी.

सकाळी मी स्वयंपाकघरात होते. आतून आवाज आला. मला वाटलं रेडिओ. मग आठवलं, रेडिओ तर बिघडलाय. दाराशी जाऊन पाहिलं.

हे पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या हाताने डावा गुडघा थोपटत होते. "डा... डा... डावा." मग तोच हात पलीकडे नेला, रुसलेला उजवा हात मनगटाशी धरला आणि लहान मूल उचलावं तसा उचलून मांडीवर घेतला. "उ... उशी." मान हलवली. "उ... उंदीर." हात खाली टाकला. पुन्हा उचलला. कपाळावर घाम आला होता. मला आत जावंसं वाटलं, ओठांवर शब्द अगदी आला होता, पण मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले. उत्तर आपलं आपण आठवत असलेल्या माणसाला मधेच सांगायचं नसतं.

"उ... ज... वा."

विहिरीतून भरलेली घागर ओढून काढावी तसा तो शब्द वर आला. ह्यांनी तो परत म्हटला. मग दाराकडे बघून मला म्हणाले, "अगं, उजवा." जणू मलाच माहीत नव्हतं.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांच्याकडे रंगीत चित्रांचे पत्ते असायचे, सफरचंद, मांजर, छत्री. हे त्यांच्याकडे बघायलाही तयार नसायचे. आपण काय बालवाडीत आहोत? त्या दिवशी बाई आल्या तर ह्यांनी मांजर बाजूला सारलं, छत्री बाजूला सारली आणि टेबलावर डावा हात आपटून म्हणाले, "कलिंगड!"

"अरे वा, कलिंगड हवं?" बाईंनी पिशवीत शोधलं. "आहे हं माझ्याकडे."

"नाही!" हे ओरडले, आणि पायाने काहीतरी दाबून दाखवलं.

मी बाईंना सगळं समजावलं. मग मी स्वतःच चित्रं काढायला बसले. नकाशे काढणारा हात माझा. क्लच काढला, ब्रेक काढला, गिअरची दांडी काढली, डावे-उजवे बाण काढले. माझ्या क्लचच्या चित्राकडे बघून हे बराच वेळ हसले, कारण तो म्हणे हुबेहूब चपलेसारखा दिसत होता. पण शिकले त्याच्यावरच. "क... कल... कलच... क्लच!" दिवसभर घरात हेच चालू. समोरच्या वहिनी दारातून विचारायच्या, "भाऊंना शिंका येतायत का हो? माझ्या एका मामेसासऱ्यांना असंच झालं होतं..." मी दार लावून घ्यायचे.

असे एकेक शब्द आपापल्या कप्प्यात परतायला लागले, आणि माझ्यावर नवीनच संकट ओढवलं. हे आता बरोबर बोलायला लागले आणि माझंच चुकायला लागलं. मला उलटं ऐकायची सवय! पेट्रोल पंपापाशी ह्यांनी अगदी स्वच्छ, शुद्ध, बाईंनी पाठ थोपटावी असं म्हटलं, "डावीकडे." आणि मी सराईतपणे उजवीकडे वळले. मास्तरांनी मात्र या वेळी वेळेवर काच वर केली. पलीकडच्या तोंडाशी तिथला माणूस पुसायचं फडकं घेऊन उभा होता. म्हणाला, "आजी, तुम्ही महिन्याचा पासच काढून घ्या."

हे मागून ओरडत होते, "डावी... अगं, बरोबर... मी बरोबर!" बरोबर बोलूनही बायको ऐकत नाही, हा त्यांचा जुना मुद्दा. तो त्यांना आता शब्दांत मांडता येत होता, म्हणजे प्रगती होतीच.

पुन्हा सराव. मास्तर, हे आणि मी. हे आता स्वतःहून जिना उतरायचे, कारण शिकवणीला उशीर झालेला त्यांना चालत नसे. दुसऱ्या परीक्षेला तेच इन्स्पेक्टर. मला बघून त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि दाराच्या वरची कडी धरली. डावीकडे म्हणाले, डावीकडे गेले. उजवीकडे म्हणाले, उजवीकडे गेले. "मागे घ्या," साहेब म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी तोंड घट्ट मिटलं आणि गाडी मागे घेतली.

"झालं," साहेबांनी कडी सोडली. "सावकाश चालवत जा."

"याहून सावकाश?"

ते पहिल्यांदाच हसले. "नको. एवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी मी चपला पुढे ठेवल्या आणि म्हटलं, "केंद्रात जायचं." हे क्षणभर त्या चपलांकडे बघत राहिले. मग पाय घातला. खाली आल्यावर सवयीने मागच्या दाराकडे निघाले, पण मी पुढचं दार उघडलं. आज मास्तर नव्हते. हे माझ्या शेजारी बसले. थोरलीच्या त्या सीटवर हे जन्मात पहिल्यांदा बसले होते. बराच वेळ इकडेतिकडे बघत होते, भाड्याच्या घरात आल्यासारखे.

सल्लागार मंडळाने "मोठ्या रस्त्याने जाऊ नका" आणि "मोठ्या रस्त्यानेच जा" असे दोन्ही सल्ले देऊन फाटक उघडलं, आणि आम्ही निघालो.

मोठ्या चौकात लाल दिवा होता. हिरवा झाला. मी क्लच सोडला, आणि ज्या थोरलीवर मी खोटा आळ घेतला होता ती त्या क्षणी खरोखरच बंद पडली. किल्ली फिरवली, पुन्हा बंद. मागे गाड्यांची रांग. हॉर्न सुरू झाले. एका गाडीतून एकाने अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "ओ आजी! जमत नाही तर घरी बसा ना!"

किल्ली सापडेना, गिअर कुठला ते कळेना. तेवढ्यात शेजारची काच खाली गेली. ह्यांनी डोकं बाहेर काढलं. गळ्याची शीर फुगलेली मला दिसली आणि मी डोळे मिटून घेतले. देवा, टॉवेल नको. काहीही येऊ दे, टॉवेल नको.

"थांब जरा!" हे गरजले. "माझी बायको चालवतेय!"

एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. झटक्यानंतरचं पहिलं अख्खं वाक्य. सगळा चौक ऐकत राहिला, निदान मला तसं वाटलं. त्या माणसाने अंग आत घेतलं. ह्यांनी डोकं आत घेतलं, काच वर केली, आणि काहीच झालं नाही अशा आवाजात मला म्हणाले, "क्लच." मी क्लच दाबला, किल्ली फिरवली, थोरली सुरू झाली. दिवा पुन्हा लाल झाला होता. होऊ दे. आम्ही दोघं लाल दिव्याकडे बघत ऐटीत बसून राहिलो.

केंद्रात पोचलो तेव्हा आमची वेळ टळत आली होती. व्यायामाच्या बाई दारातच भेटल्या. "अरे, कित्ती दिवसांनी! आणि आज उशीर का झाला काका?"

हे काठीवर टेकून जरा सावरले. मग तोंडाची धड बाजू हलकेच वर गेली.

"ड्रायव्हर नवी आहे," ते म्हणाले. बाई हसल्या. मी रागवायच्या बेतात होते. पण ह्यांचं झालं नव्हतं. शब्द शोधत होते. कुठल्या तरी कप्प्यात खोल हात घालून चाचपत होते, आणि आम्ही दोघी थांबून राहिलो.

"पण चांगली आहे," ते म्हणाले.

आता माझ्या स्वयंपाकाला, माझ्या साड्यांना, धाकटीच्या पहिल्या नंबरालाही या माणसाने आजवर 'बरं आहे' याच्यापुढे काही म्हटलेलं नव्हतं. 'चांगलं' हा शब्द झटक्याच्या आधीसुद्धा ह्यांच्या कुठल्या कप्प्यात असेल, अशी मला शंका होती.

मी बाईंना विचारलं, "काय हो, नवीन शब्द आला की तो पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायला हवा ना?"

"हो तर," बाई म्हणाल्या. "सराव फार महत्त्वाचा."

"ऐकलंत?" मी ह्यांना म्हटलं. "परत म्हणा. सराव म्हणून."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं ओळखलं. पन्नास पंप एका नजरेत तपासणारा माणूस, त्याला का कळणार नाही?

"चांगली आहे," ते म्हणाले.

"नीट ऐकू आलं नाही."

"चांगली आहे!"

आतल्या खोलीतले पेशंटही वळून बघायला लागले. मी पर्स खांद्यावर नीट केली, ह्यांच्या उजव्या कोपराला धरलं आणि म्हटलं, "चला आत. उरलेला सराव घरी जाताना गाडीत करू."